भ्रांतीचा विनोद आणि टीकाकारांची भ्रांती

मराठी बोलपटाच्या इतिहासासंबंधी जे लेख वरचेवर प्रसिद्ध होतात, त्यांत एक ठरीव आख्यान वाचावयास मिळते. १९५४ साली 'श्यामची आई' या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर अर्धशतकाने 'श्वास' या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा मान पुन्हा महाराष्ट्रात आणला. मध्यंतरी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' असे दोनचार दिवे लुकलुकले. बाकी सर्व अंधार. हा अंधार कोणी पाडला, असे विचारले की आख्यानकार क्षणाचाही विलंब न लावता १९८५ नंतरच्या विनोदी चित्रपटांकडे बोट दाखवितात. वेषांतर, तोतयेगिरी, एकाला दुसराच समजणे आणि त्यातून उद्भवणारी पळापळ व मारामारी, एवढ्याच भांडवलावर उभ्या राहिलेल्या या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाची अभिरुची नासली, असा त्यांचा निकाल आहे. हे आख्यान इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितले गेले आहे की, त्याला पुरावा मागणे हेच आता असंस्कृतपणाचे लक्षण ठरू पाहत आहे. आम्ही तो असंस्कृतपणा पत्करून पुरावा मागणार आहोत.

ज्या चित्रपटांवर हा रोख आहे, त्यांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. 'धूमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'धडाकेबाज' व 'आमच्यासारखे आम्हीच' (दोन्ही १९९०) ही त्यांतली ठळक उदाहरणे होत. दिग्दर्शक महेश कोठारे किंवा सचिन पिळगांवकर. नट अशोक सराफ किंवा लक्ष्मीकांत बेर्डे, आणि काही ठिकाणी दोघेही. आमच्या सुशिक्षित घरांतून या चित्रपटांस जी विशेषणे त्या काळी लावली जात, ती आम्ही येथे नव्याने सांगावयास नकोत. 'अचरट', 'पोरकट', 'थिल्लर' या तीन शब्दांत सगळे परीक्षण आटोपत असे. गंमत अशी की, ज्या दिवाणखान्यांत ही विशेषणे उच्चारली गेली, त्याच दिवाणखान्यांत आज 'बनवाबनवी' दूरदर्शन संचावर लागली की आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घर पुढील वाक्य आधीच म्हणून मोकळे होते. आता कोणी या चित्रपटास 'थिल्लर' म्हणत नाही. आता त्याला 'अजरामर' म्हणतात. निंदेच्या टोकावरून स्तुतीच्या टोकापर्यंतचा हा प्रवास मध्ये कोठेही न थांबता झाला. मध्ये जे विचाराचे स्टेशन होते, तेथे ही गाडी थांबलीच नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्यांनी या जातीच्या चित्रपटांची निंदा केली त्यांनी ते तपासले नाहीत, आणि आज जे त्यांची स्तुती करीत आहेत तेही ते तपासीत नाहीत. आणि या दुहेरी आळसाचा सगळा लाभ वाईट चित्रपटांस मिळाला आहे. जेथे सर्वच प्रहसने एका तराजूत टाकून कचरा ठरविली जातात, तेथे उत्तम प्रहसन आणि त्याची पन्नास भिकार नक्कल यांत भेद करणार कोण? प्रहसनाचा तिरस्कार करणारा टीकाकार हाच वाईट प्रहसनाचा सर्वांत मोठा आश्रयदाता होय. हे विधान काही वाचकांस धाडसाचे वाटेल. म्हणून टीकाकारांचे आक्षेप एकेक घेऊन पाहू.

पहिला आक्षेप असंभाव्यतेचा. दोन माणसे हुबेहूब सारखी असणे, नेमकी तीच एका गावात येणे, मिशा काढून लुगडे नेसलेल्या तरुणास घरातल्या कोणीही न ओळखणे, हे सारे अशक्य कोटीतले असून काकतालीय न्यायावर नाटक उभारणे हे दुबळ्या बुद्धीचे लक्षण आहे, असे म्हटले जाते. ठीक आहे, हा नियम मान्य करू आणि तो सर्वांस सारखा लावू. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'पासूनच आरंभ करू. पहिल्या अंकात वसंतसेनेचा पाठलाग करणारा शकार अंधारात आधी आपल्याच विटाला धरतो, मग चेटाला धरतो, आणि शेवटी वसंतसेना समजून रदनिका दासीचे केस पकडतो. सहाव्या अंकात गाड्यांची अदलाबदल होते. वसंतसेना चारुदत्ताची गाडी समजून शकाराच्या गाडीत बसते, आणि बंदिवासातून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत शिरतो. वाटेत दोन रक्षक ती गाडी अडवितात. त्यांतला चंदनक आत डोकावतो, आर्यकास ओळखतो, त्याला अभय देतो. आणि दुसऱ्या रक्षकास, वीरकास, संशय येऊ लागताच त्याच्याशी जातीवरून भांडण उकरून काढून त्याला लाथ घालतो. ओळखीचा घोटाळा, पाठलाग, हशा आणि मारामारी, यांपैकी कोणती गोष्ट येथे उणी आहे? एवढेच नव्हे, तर या घोटाळ्यातूनच पुढे वसंतसेनेचा गळा आवळला जातो आणि चारुदत्त वधस्तंभापर्यंत पोहोचतो. हे नाटक आमच्या टीकाकारांनी महाविद्यालयात अभ्यासले, देवलांनी मराठीत आणले म्हणून देवलांचे गोडवे गाइले. आणि तोच प्रकार रुपेरी पडद्यावर दिसताच नाकाला पदर लावला!

शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये जुळ्यांची एक जोडी पुरली नाही म्हणून दोन जोड्या आहेत. गुलजार यांनी त्यावरून १९८२ साली 'अंगूर' काढला. संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांनी त्यांत दुहेरी भूमिका केल्या. पुण्यात वाढलेल्या आणि २०१४ साली पुण्यातच निधन पावलेल्या देवेन वर्मांना या कामाबद्दल फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि सुशिक्षित रसिकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. ते योग्यच झाले. पण अशोक सराफ आणि सचिन 'आमच्यासारखे आम्हीच'मध्ये दुहेरी भूमिका करू लागले, म्हणजे तेथेही दोन जोड्याच झाल्या, तेव्हा मात्र संभाव्यतेचा नियम कपाटातून बाहेर आला. हे दोन चित्रपट समान तोडीचे आहेत, असा आमचा दावा मुळीच नाही. 'अंगूर'ची वीण अधिक घट्ट आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ती अधिक घट्ट कशी, हे दाखविणे हे टीकाकाराचे काम होते. 'सारखेपणा अशक्य' असे म्हणून त्याला सुटका नाही, कारण तो सारखेपणा दोहोंकडे सारखाच अशक्य आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने तर भ्रांतिमान् नावाचा एक स्वतंत्र अलंकारच मानला आहे. एका वस्तूच्या ठिकाणी सादृश्यामुळे दुसरीच वस्तू भासणे हे ज्या शास्त्राने काव्याचे भूषण ठरविले, त्या शास्त्राचे वारस म्हणविणाऱ्यांनी त्याच गोष्टीस बुद्धिमांद्य म्हणावे, यापरता विनोद दुसरा कोणता?

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. 'बनवाबनवी'चे कथानक मराठी नव्हे, ते हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वरून घेतले, असे सांगताना टीकाकाराच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद दिसतो. पण चोर पकडण्यापूर्वी आपल्या घरातली संपत्ती कोठून आली, हे त्याने पाहिले आहे काय? ज्या 'संशयकल्लोळा'चा मराठी रंगभूमीस यथार्थ अभिमान आहे, ते नाटक देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने १८९३ साली लिहिले. ते मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेले, आणि मर्फीने ते मोलियेरच्या फ्रेंच नाटकावरून घेतलेले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने त्याचे संगीत रूप रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांनी फाल्गुनरावाच्या अंगरख्याला पॅरिसची शिवण कोठे दिसते हे शोधले नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'अंमलदार' हे नाटक तर उघडच गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वर बेतलेले, आणि त्यातही एका भटक्यास सरकारी अधिकारी समजण्याचीच भ्रांती आहे. भ्रांतीची कथानके फार जुनी असून ती देशोदेशी फिरत आली आहेत. प्रश्न मूळ गाव कोणते हा नसतो. पाहुणा येथे येऊन येथला झाला की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आणि या कसोटीवर 'बनवाबनवी' कशी उतरते, हे पाहण्यासारखे आहे. तिचे संवाद वसंत सबनीसांचे आहेत. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनीसांचा लोकनाट्यातला विनोद साहित्यसभांतून वाखाणणाऱ्यांस, त्याच लेखणीचा चित्रपटातला विनोद एकाएकी हीन कसा वाटू लागला, याचा उलगडा आम्हांस आजवर झालेला नाही. कथेचा आरंभ अगदी साध्या अडचणीत आहे. धनंजय माने पुण्यात विश्वासराव सरपोतदारांच्या खोलीत भाड्याने राहतो. भाऊ येतो, भावामागून मित्र येतात, आणि घरमालक सर्वांस बाहेर काढतो. नवीन जागा लीलाबाई काळभोरांकडे मिळते, पण तेथे जोडप्यांशिवाय कोणास प्रवेश नाही. तेव्हा सुधीरची सुधा होते, परशुरामाची पार्वती होते, आणि चार अविवाहितांची दोन जोडपी तयार होतात.

टीकाकार याला 'ओढूनताणून आणलेला प्रसंग' म्हणतात. आम्ही हे खडकवासल्याहून लिहीत आहोत, आणि आमच्या गावच्या धरणाकडे पाहिले की आम्हांस हा प्रसंग ओढूनताणून आणलेला मुळीच वाटत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही टिकले नाही. मुठेच्या काठच्या पेठांतील हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. ज्या शहराने हा दिवस पाहिला, त्या शहराला डोक्यावरच्या छपराची किंमत कोणी शिकविण्याची गरज नाही. त्यातच १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली. जुन्या भाडेकरूस हलविणे दुरापास्त, म्हणून नवीन भाडेकरू घेताना घरमालक शंभर अटी घालणार. या कायद्याची जागा १९९९च्या नव्या महाराष्ट्र कायद्याने घेतली. पण १९८८ साली तो जिवंत होता. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या एकट्या तरुणास 'बायको आहे का?' हा प्रश्न खोली दाखविण्यापूर्वी विचारला जात असे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस पार्वतीचे लुगडे असंभाव्य वाटत नाही. ज्या गरजेतून ते सोंग निघाले, ती गरज खरी होती. बंगाली कथानक मराठी झाले ते याच ठिकाणी. आणि आमच्या परीक्षकांनी नेमके हेच ठिकाण ओलांडले.

तिसरा आक्षेप अभिरुचीचा. पुरुषाने स्त्रीवेष घेऊन हसविणे हे ग्राम्य आहे, असे म्हणतात. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या भामिनीस पाहून कुलीन स्त्रिया आपल्या लुगड्याची घडी बदलीत, त्या महाराष्ट्रात पुरुषाच्या स्त्रीवेषास सरसकट ग्राम्य म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? बालगंधर्वांची कला आणि बेर्ड्यांची पार्वती यांत अंतर आहे, आणि ते फार मोठे आहे. पण ते हेतूचे अंतर आहे. एका ठिकाणी प्रेक्षकाने पुरुषास विसरावयाचे असते, दुसऱ्या ठिकाणी क्षणभरही विसरावयाचे नसते. भरतमुनींनी हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेषास अग्रस्थान दिले आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे हास्याचे सहा प्रकारही त्यांनी सांगितले. त्यांतले शेवटचे दोन नीच प्रकृतीचे म्हणून नोंदविले हे खरे, पण गाळून टाकले नाहीत. आमच्या टीकाकारांस मात्र स्मितापलीकडचे सर्व हास्य वर्ज्य! दारात पोलीस बनून येणारा बहुरूपी, जत्रेतला सोंगाड्या, कोकणातल्या दशावतारातला संकासुर, हे सर्व ज्या समाजाने शतकानुशतके पोसले, त्या समाजाच्या चित्रपटाने सोंगावर हसू नये, ही अपेक्षा कोणत्या परंपरेतून आली? न. चिं. केळकरांनी १९०८ साली 'सुभाषित आणि विनोद' हा निबंध लिहून हास्याची मीमांसा करणे हे विद्वानाचे काम आहे, असे याच पुण्यात दाखवून दिले. त्या मीमांसेचा वारसा पुढे चालविण्याऐवजी आम्ही तिरस्काराचा वारसा चालविला.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार म्हणून मांडला जातो : या चित्रपटांनी गंभीर चित्रपटाची जागा खाल्ली. यास पुरावा काय? गंभीर चित्रपट निघाले नाहीत, आणि विनोदी निघाले. म्हणून दुसऱ्यामुळे पहिले निघाले नाहीत! कावळा बसला आणि फांदी मोडली. काकतालीय न्यायाबद्दल प्रहसनकारास दोष देणारे टीकाकार इतिहास लिहिताना मात्र त्याच न्यायावर विसंबतात. मराठी चित्रपटाची खरी अडचण काय होती, हे उघड आहे. हिंदी चित्रपटाची राजधानी आमच्याच मुंबईत, आमच्याच प्रेक्षकांच्या दारात. चित्रपटगृहांचे चांगले आठवडे तिच्याकडे. त्यात १९८२ नंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओ घरात आलेले. अशा वेळी मराठी भाषेतला चित्रपट पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे पैसे देऊन घराबाहेर पडतात, ही सवय ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांत या विनोदी चित्रपटांचा वाटा नाकारता येणार नाही. 'श्वास' पाहावयास २००४ साली जो प्रेक्षक आला, तो आकाशातून पडला नव्हता.

येथवर वाचून काही वाचक समजतील की आम्ही या चित्रपटांचे भाट झालो आहोत. तसे नाही, कारण दुसऱ्या पक्षावरही आमचा तितकाच राग आहे. हा पक्ष म्हणतो, 'विनोदी चित्रपटाचा विचार कशाला करावयाचा? डोके घरी ठेवून जावे आणि हसून यावे.' वरकरणी हे चित्रपटाचे समर्थन दिसते. वस्तुतः तो त्याचा अपमान आहे. ज्या प्रहसनात एक खोटे लपविण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे रचावे लागते, आणि प्रत्येक पात्रास कोणती गोष्ट ठाऊक आहे व कोणती नाही याचा हिशेब लेखकास क्षणोक्षणी ठेवावा लागतो, ते डोके घरी ठेवून लिहिता येत नाही. मग डोके घरी ठेवून पाहावे का? हा पक्ष आपल्या आवडत्या चित्रपटातली दहा वाक्ये पाठ म्हणतो आणि तेवढ्यास रसग्रहण समजतो. त्याचा परिणाम असा की, नवे निर्मातेही दहा वाक्येच लिहू लागतात. चित्रपट लिहीत नाहीत.

तेव्हा या जातीच्या चित्रपटांस लावण्याजोग्या कसोट्या कोणत्या? आमच्या मते तीन पुरेत.

पहिली कसोटी अशी की, असंभाव्य गोष्ट एकदाच मागावी आणि तिची मर्यादाही तेथेच सांगावी. 'दे दणादण'मधील हवालदारास मारुतीच्या कृपेने अचाट शक्ती मिळते, पण तांबडा रंग दिसताच ती नाहीशी होते. एक सवलत, एक मर्यादा. यापुढे प्रत्येक मारामारीत प्रेक्षकाची नजर तांबडी वस्तू शोधू लागते, आणि मारामारी हाच विनोद होतो. 'धडाकेबाज'चे तसे नाही. मराठीतला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तांत्रिक उमेदीबद्दल त्याचे श्रेय कोणीही हिरावून घेऊ नये. पण त्यात मुखवट्याआडचा खलपुरुष कवट्या महाकाळ ही एक नवलाई, आणि नायकाच्या मित्राचेच रूप घेऊन बाटलीतून मदतीस येणारा गंगाराम ही दुसरी. बेर्ड्यांचे दुहेरी काम लोभस आहे. तथापि अलौकिक साहाय्यक हाताशी आला की भ्रांतीस करण्यासारखे काम उरत नाही, आणि विनोद एका रस्त्याने व साहस दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागते. हे कोणीतरी १९९० साली स्पष्टपणे सांगावयास हवे होते. सांगितले असते तर त्यानंतरच्या अनेक चित्रपटांतून केवळ नवलाईची रास रचली जाती ना.

दुसरी कसोटी गरजेची. सोंग हौसेने घेतले तर तो पोरखेळ. निरुपायाने घेतले तर ते नाट्य. 'धूमधडाका'मध्ये मित्राचे लग्न जुळावे म्हणून अशोक सराफ धनाढ्य बाप बनून येतात. ही गरज 'बनवाबनवी'तल्या गरजेहून हलकी आहे, म्हणूनच तो चित्रपट नटाच्या एकट्याच्या करामतीवर अधिक अवलंबून राहतो. नटाने तो तारला, हे नटाचे यश; कथानकाचे नव्हे. 'बनवाबनवी'त मात्र नट थकला तरी कथानक त्याला पुढे ढकलते, कारण सोंग उतरविले की रात्री झोपावयाचे कोठे, हा प्रश्न प्रत्येक प्रसंगाच्या मागे उभा असतो.

तिसरी कसोटी हिशेबाची, आणि येथे आम्ही 'बनवाबनवी'सही मोकळी सोडणार नाही. खोटेपणाची किंमत कोणीतरी भरतोच. ती कोण भरतो, हे चित्रपटाने पाहिले पाहिजे. लीलाबाई काळभोर ही वृद्ध स्त्री या तरुणांस छप्पर देते, पार्वतीस दिवस गेले असे समजून मायेने डोहाळेजेवण करते. या प्रसंगी सर्व महाराष्ट्र पोट धरधरून हसला, आम्हीही हसलो. पण त्या बाईच्या मायेची जी थट्टा झाली, तिची भरपाई चित्रपटाने पुरती केली असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा बळी आणला, त्याच्याशी मारामारी लावली, आणि त्या धामधुमीत तरुणांचे उपकार तिच्यावर चढवून खाते बरोबर केले. मारामारी येथे भ्रांतीचा निरास म्हणून येत नाही. हिशेब चुकविण्याची पळवाट म्हणून येते. 'मृच्छकटिका'त गाडी चुकल्याचा परिणाम वधस्तंभापर्यंत जातो, आणि म्हणून शेवटचा आनंद कमावलेला वाटतो. 'संशयकल्लोळा'त फाल्गुनरावास आपल्या संशयाची लाज वाटते. एवढी एक लाज 'बनवाबनवी'त आणखी थोडी थांबली असती, तर आमच्या मते तिची योग्यता अधिक वाढली असती. हा दोष लहान नाही. तो दाखविल्याने चित्रपटाचे मोठेपण कमी होत नाही. उलट तो दाखविण्याच्या योग्यतेचा आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. कचऱ्यात दोष काढण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

आमच्या गावी १९१६ सालापासून परंपरा असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे बंदरांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात, आणि प्रवाह कोठे तुंबतो, कोठे भिंतीवर आदळतो, कोठून वाट काढतो, हे पाहून मगच मूळ बांधकामाविषयी मत देतात. भिंतीकडे लांबून पाहून 'ही भिंत थिल्लर आहे' असा अभिप्राय कोणी अभियंता देत नाही. आणि 'ही भिंत आमच्या लहानपणची आहे, म्हणून अजरामर आहे' असेही म्हणत नाही. प्रहसनाचे कथानक ही अशीच एक बांधणी असते. हास्याचा लोंढा अडवावयाचा किती आणि सोडावयाचा केव्हा, याचे ते शास्त्र आहे. परीक्षकाने त्या प्रवाहाच्या काठाने चालावे, एवढेच आमचे मागणे आहे.

हे मागणे अवाजवी आहे काय? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे; प्रभातच्या आवारात चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था १९६० पासून आहे. चित्रपट जतन करण्याची आणि तो शिकविण्याची सोय ज्या शहरात शेजारी शेजारी आहे, त्या शहराच्या मासिकांनी सबनीसांच्या पटकथेची प्रसंगवार चिकित्सा छापण्यास काय हरकत आहे? अशोक सराफांस २०२३ सालचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला, २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्याचा आम्हांस आनंद आहे. पण त्यांच्या मुद्रेवर खोटे बोलण्यापूर्वीचा तो अर्धा क्षण कसा रेंगाळतो, संवादाचा वेग ते कोठे मोडतात, याचे विवेचन सन्मानपत्रात मावत नाही. ते टीकाकाराने करावयाचे असते. लक्ष्मीकांत बेर्डे तर १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी गेले. ज्या वर्षी 'श्वास'मुळे मराठी चित्रपटाची पहाट झाली असे आम्ही म्हणू लागलो, त्याच वर्षी आमच्या रात्री हसविणारा हा नट निघून गेला, आणि त्याच्या कलेचा अभ्यास करण्याची आठवण आम्हांस तो असता झाली नाही.

वेदान्ती दोरीस साप समजण्याचे उदाहरण देतात, आणि दिवा आणला की भ्रांती जाते असे सांगतात. प्रहसनातल्या पात्रांची भ्रांती दोन-अडीच तासांत जाते, कारण लेखक शेवटी दिवा आणतो. आमच्या टीकाकारांची भ्रांती चाळीस वर्षे टिकली. त्यांनी आधी दोरीस साप म्हटले, आणि आता तिला फुलांचा हार म्हणत आहेत. दोरी कशाची वळली आहे, किती पदरी आहे, आणि कोठे विरली आहे, हे हातात घेऊन पाहणारा टीकाकार मराठी विनोदास अजून हवा आहे.